गुरुवारचे निरोगी

देशभरातून रक्त दिलेल्या तीन हजार नऊशे चाळीस निरोगी माणसांपैकी नऊ जणांत तो दोष आढळला. नऊपैकी सात जणांनी रक्त एकाच इमारतीत दिले होते, आणि सातही जणांनी गुरुवारी.

हा तक्ता ज्याने काढला त्या संख्याशास्त्रज्ञाला कार्यालयात शंकासुर म्हणत. तोंडावर नव्हे, पण कार्यालयाच्या भिंती पातळ होत्या आणि त्याचे कान तिखट होते. हे नाव प्रथम कोणी ठेवले याची त्याने एकदा पद्धतशीर चौकशीही केली होती. पुरावा अपुरा पडल्याने ते प्रकरण त्याने खुले ठेवले होते.

काम गंभीर होते. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात असा एक आजार आहे. हुकूम सुटतो, पण पोचत नाही. आधी बटण लागत नाही, मग पेला सुटतो, मग जीभ जड होते. देशातल्या अशा रुग्णांपैकी किती जणांना हा आजार घराण्यातून आला, हे मोजण्यासाठी राष्ट्रीय पाहणी चालली होती. नवव्या गुणसूत्रावर सहा अक्षरांचा एक तुकडा असतो. तो सर्वसाधारण माणसात तीसच्या आत वेळा उमटलेला असतो. काही रुग्णांत तो शेकडो वेळा उमटतो, जणू टंकलेखकाचे बोट कळेवरून उठायलाच तयार नाही. हाच तो दोष.

तुलनेसाठी प्रत्येक रुग्णामागे एक निरोगी माणूस हवा. त्यासाठी रुग्णाचा जोडीदार उत्तम: वय तेच, स्वयंपाकघर तेच, हवा-पाणी तेच, रक्त मात्र वेगळे. विवाहसंस्थेचा शास्त्रीय उपयोग एवढाच, असे शंकासुर म्हणत असे. त्याची बायको हे वाक्य पाहुण्यांना त्याच्याच आवाजात म्हणून दाखवी, आणि पाहुणे तिच्या बाजूने हसत.

सोमवारी त्याने तो तक्ता संचालकबाईंच्या टेबलावर ठेवला. बाई सगळे निर्णय उभ्यानेच घेत. त्यांच्या मते बसले की वेळ जातो.

"सात म्हणजे फार आहेत का?"

"त्या केंद्रात गुरुवारी एकूण शहाण्णव निरोगी लोकांनी रक्त दिलं. त्यात सात. निव्वळ योगायोगानं असं घडण्याची शक्यता काढली. दशांशचिन्हानंतर बारा शून्यं येतात."

"तेराव्या जागी?"

"एक."

"मग आशा आहे म्हणायची." बाईंनी तक्ता उलटा केला, जणू मागे उत्तर छापलेले असावे. "बरं, हे असंच ठेवलं तर?"

"तर असं दिसेल, की दोष असूनही माणसं खुशाल हिंडतात. घरोघर जाणाऱ्या पत्रकात आपण तसं छापू. आणि ते खोटं असेल."

"आणि केंद्र वगळलं तर?"

केंद्र वगळण्याची शिफारस शंकासुरानेच टंकून आणली होती; ती त्याच्या खिशात होती. केंद्र वगळायचे म्हणजे तिथले तीनशे अठरा निरोगी जातील, आणि ज्या केंद्राच्या निरोगींवर भरवसा नाही त्याच्या रुग्णांवरही ठेवता येत नाही, म्हणून तीनशे एक्केचाळीस रुग्णही जातील. त्यांपैकी एकशे बारा आता हयात नव्हते. त्यांच्याकडे पुन्हा रक्त मागायला जाणे शक्य नव्हते.

"शुक्रवारी समिती आहे," बाई म्हणाल्या. "तोवर कारण शोधा. सापडलं तर केंद्र राहील. नाही सापडलं तर खिशात आहे तो कागद वाचू."

त्याने खिशावर हात ठेवला. बाईंना ते कसे कळले, ही एक नवीनच शंका झाली.

मंगळवारपर्यंत त्याने नळ्यांचा साठा, सुया, पोचवणारी गाडी आणि चाचणीचे यंत्र, सगळे तपासून बाद केले. निरोगी गटाची चाचणी फक्त त्या एका तुकड्यापुरती झाली होती, नावे कुठेच नव्हती. तेव्हा रक्ताकडून याहून अधिक काही कळण्यासारखे नव्हते. त्याने केंद्राच्या मुख्य परिचारिकेला चौदा प्रश्नांचे पत्र संगणकावरून धाडले. दहा मिनिटांत उत्तर आले. तेरा प्रश्नांपुढे "नाही" लिहिले होते. 'नळीवर चिठ्ठी आधी लावता की नंतर' या प्रश्नापुढे "हो" होते. खाली एक ओळ होती: "बाकीचं प्रत्यक्ष येऊन विचारा. चहा मिळेल."

बुधवारी चार तास बसमध्ये हाडे खिळखिळी करून तो तिथे पोचला. तीन मजल्यांची इमारत, दाराशी चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार, शेजारी लिफ्ट. सिस्टर सत्तावन्न वर्षांच्या, काटक, छातीवर उलटे घड्याळ टाचलेल्या.

"या साहेब. तुमचे फॉर्म फार आवडतात हो मला," त्या म्हणाल्या. "छोटे असतात."

शंकासुराने ही स्तुती समजून स्वीकारली.

बुधवारी सारे सुरळीत होते. रुग्णाचे रक्त तळमजल्यावर घेत, निरोगी माणसाचे तिसऱ्या मजल्यावर. नळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून दोघांचे रक्त एका खोलीत घेऊ नये, असे परिपत्रक क्रमांक अकरा होते आणि त्याखाली सही शंकासुराची होती. तेव्हा इमारतीत दुसरी मोकळी खोली ही तिसऱ्या मजल्यावरची एकच होती. तीत मोडक्या खुर्च्या ठेवत. त्यातल्या कमी मोडक्या अजून होत्या. बायको नवऱ्याची खुर्ची ढकलत लिफ्टमध्ये शिरे, दोघे वर जात, ती रक्त देई, दोघे खाली येत. शंकासुराने दिवसभर पाहिले आणि वहीत लिहिले: 'आक्षेपार्ह काही नाही.' खाली लिहिले: 'बुधवार आहे.'

गुरुवारी सकाळी लिफ्टच्या दारावर पाटी लटकली होती आणि आत एक कारागीर वंगणाचा डबा घेऊन मांडी घालून बसला होता. शंकासुर जिन्याने निघाला. प्रत्येक मजल्यावर थांबून त्याने भिंतीवरच्या सूचना काळजीपूर्वक वाचल्या. श्वास जागेवर येईपर्यंत पुरतील इतक्या त्या होत्या. मग एका कमी मोडक्या खुर्चीवर तो ठाण मांडून बसला.

पहिले तिघे आले. प्रत्येकाचा फॉर्म त्याने स्वतः वाचला. वय रुग्णाच्या वयापासून पाच वर्षांच्या आत, प्रकृती ठणठणीत, क्रमांक बरोबर, चिठ्ठी बरोबर, दोघांनी तपासून सह्या. बोट ठेवायला जागा नव्हती. चूक काढायला चार तास प्रवास करून आलेल्या माणसाला चूक मिळू नये, याचे त्याला वाईट वाटू लागले.

चौथ्या बाई एकोणसाठ वर्षांच्या होत्या. तीन जिने चढून आल्या तरी त्यांना धाप नव्हती. उलट त्यांनीच शंकासुराकडे काळजीने पाहिले.

"तुम्हाला पाणी हवंय का?"

"मी अर्ध्या तासापूर्वी चढलोय," तो म्हणाला.

"तरीपण."

त्यांचा फॉर्मही निर्दोष होता. सिस्टरांनी बाईंच्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली आणि मान वर केली.

"साहेब, तुम्ही असे टक लावून बसलात की शिरा आत जातात. खाली जाऊन चहा घ्या बरं."

शंकासुर या विधानाला पुरावा मागणार होता. पण चहाची आठवण त्यालाही झालीच होती.

खाली दालनात चाकाच्या खुर्च्या रांगेने लागल्या होत्या. पहिल्या खुर्चीत एक घड्याळजी होते: बोटे वळलेली, डोळे मात्र चलाख. शेजारी एक बाई त्यांच्या तोंडाला पाण्याची नळी लावत होत्या. घड्याळजींच्या मांडीवर फाइल होती, आणि फाइलवरचा क्रमांक शंकासुराने पाच मिनिटांपूर्वी वर वाचलेला होता. आकडे तो विसरत नसे, माणसे विसरे.

"माफ करा. तुम्ही यांच्या कोण?"

"कोण म्हणजे?" बाईंनी नळी बाजूला केली. "बायको. चौतीस वर्षं झाली."

"मग वर आहेत त्या?"

शंकासुराच्या मनात जी पहिली शंका आली ती द्विभार्येची होती. घड्याळजींना ती त्याच्या चेहऱ्यावर दिसली असावी. त्यांनी जड जिभेने एक लांबलचक वाक्य उच्चारले. त्यातले एक अक्षरही त्याला कळले नाही.

"ते म्हणतायत, तुम्ही दमलेले दिसता, बसा," बायको म्हणाली.

घड्याळजींनी सावकाश नकारार्थी मान हलवली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटले. बायकोने सुस्कारा टाकला.

"ते म्हणतायत, दोघींपैकी वरचीला सांभाळणं जास्त अवघड आहे. अहो, तुम्ही लक्ष देऊ नका, थट्टा करायची सवयच आहे यांना. वर गेल्यात त्या आमच्या वन्सं. यांची बहीण."

"सख्खी?"

"सख्खी म्हणजे काय, पाठची."

शंकासुराने हातातला चहा खाली ठेवला.

"पण रक्त तुम्ही द्यायचं होतं. तुम्ही का नाही गेलात?"

"जाणार कशी? लिफ्ट बंद. यांची खुर्ची जिन्यानं चढत नाही. आणि यांना इथं सोडून मी गेले नि तेवढ्यात डॉक्टरांनी बोलावलं, तर यांचं बोलणं त्यांना सांगणार कोण? माझ्याशिवाय कुणालाच कळत नाही." घड्याळजी काहीतरी पुटपुटले. "आणि माझे गुडघे," ती म्हणाली. "तेव्हा वन्सं म्हणाल्या, वहिनी, तुम्ही बसा, मी जाते. त्यांना तसंही जिने चढून दाखवायला आवडतं."

"आणि हे आत्ता काय म्हणाले?"

"म्हणाले, मलासुद्धा निम्मंच कळतं." तिने नळी पुन्हा त्यांच्या तोंडाला लावली. "हे मात्र शब्दाला शब्द सांगितलं हं."

शंकासुराने रांगेवरून नजर फिरवली. दुसऱ्या खुर्चीपाशी एक बायको होती, तिसरीपाशीही बायको, चौथीपाशी एक नवरा. त्याने एकेकाला विचारले, वर गेले ते रुग्णाचे कोण? धाकटा भाऊ. भाऊ. बहीण. चौथ्या खुर्चीपाशी उभा असलेला नवरा म्हणाला, "खरं म्हणजे मुलाला पाठवणार होतो, चपळ आहे. पण सिस्टर म्हणाल्या, वय बसत नाही, वयाच्या जवळचं कुणी पाठवा. त्या नियमाला फार पक्क्या आहेत."

या खेपेला शंकासुराने एकाही मजल्यावर सूचना वाचल्या नाहीत.

तो खोलीत शिरला तेव्हा सुई नुकतीच पुड्यातून बाहेर आली होती.

"थांबा," तो म्हणाला. पुढचे शब्द यायला बराच वेळ लागला. दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"आता काय?" सिस्टर म्हणाल्या. "इतक्या मिनतवारीनं शीर सापडलीय."

"तुम्ही त्यांच्या बहीण?"

"मग काय शेजारीण?" वन्सं म्हणाल्या. "दादासाठी तीन जिने चढून कोण येणार?"

"मग तुमचं रक्त या कामाला चालणार नाही."

"का, काय खोट आहे माझ्या रक्तात?"

"खोट आहे असं मी म्हणत नाही. ते त्यांच्या रक्ताशी फार जुळतं."

"हे आईसुद्धा म्हणायची," वन्सं म्हणाल्या आणि नाराजीने बाही खाली केली. "दोघं सारखेच हट्टी म्हणायची. पण तिनं तीन जिने चढायच्या आधी सांगितलं असतं."

सिस्टरांना त्याने बाहेर व्हरांड्यात नेले आणि गुरुवारच्या त्या सात दोषांबद्दल सांगितले.

"पत्र पाठवलं तेव्हा का नाही कळवलंत, की गुरुवारी भावंडं येतात?"

"तुम्ही विचारलं नाहीत. चौदा प्रश्न होते. नळ्यांचे, सुयांचे, चिठ्ठ्यांचे. माणसांचा एकही नव्हता."

"पण सूचनेत स्वच्छ लिहिलंय, जोडीदार."

"आणि पुढं लिहिलंय, जोडीदार उपलब्ध नसल्यास घरची, वयानं जवळची, निरोगी व्यक्ती. भाऊ घरचा नाही? बहीण घरची नाही?"

"त्याच्यासाठी फॉर्मवर नात्याची चौकट असते. तिथं बहीण असं लिहून आलं असतं, तर मी त्याच दिवशी तो नमुना बाजूला काढला असता. चौकट कुठाय?"

सिस्टर आत गेल्या आणि एक जाड वही आणि एक फाइल घेऊन आल्या. फाइलमधून त्यांनी दोन कागद काढले. पहिले पत्र त्यांचे स्वतःचे होते, दोन वर्षांपूर्वीचे: नवीन फॉर्मवर नात्यासाठी जागा दिसत नाही, नाते कुठे लिहावे? दुसरे पत्र कार्यालयाचे उत्तर होते. 'पहिल्या दोनशे फॉर्मांत सदर चौकटीत पती अथवा पत्नी याखेरीज काहीही आढळले नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही तो विचारण्याचे प्रयोजन नाही. सदर माहिती अनावश्यक आहे.'

सही तो लांबूनच ओळखू शकला. तरीही त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, कारण शंका घेणे हा त्याचा धर्म होता. सही त्याचीच होती. ते दोनशे फॉर्म जिथून आले होते ती सगळी केंद्रे, त्याला आता आठवले, बैठ्या इमारतींतली होती.

"अनावश्यक म्हणालात म्हणून फॉर्मवर नाही लिहिलं," सिस्टर म्हणाल्या. "पण माझ्या हाताला सवय. वहीत लिहीत गेले."

वहीत नाव एकही नव्हते. क्रमांक, तारीख आणि नाते, एवढेच. पत्नी, पती, पत्नी, पत्नी. मग एखाद्या गुरुवारी भाऊ, बहीण, बहीण, भाऊ, पत्नी, भाऊ. शंकासुराने पाने उलटली. इतके नेटके आकडे त्याने कित्येक दिवसांत पाहिले नव्हते, आणि तसे तो बोलूनही गेला.

सिस्टरांनी स्तुतीकडे लक्ष दिले नाही. त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे ते सात जण आपल्याच रुग्णांचे भाऊबहीण."

"हो."

"निरोगी आहेत ना पण?"

"आज आहेत."

खालून कारागिराच्या हातोडीचा आवाज येत होता.

"त्यांना कळवायचं का?"

"नावं आपल्यापाशी नाहीत, आणि शोधणार नाही असं आपण लिहून दिलंय. पण ज्याला स्वतःहून विचारायचंय त्याच्यासाठी सल्ल्याची सोय आहे. त्याचा कागद कुठे आहे?"

"पहिल्या मजल्यावर, सूचनांमध्ये. तुम्ही सकाळी वाचलात तो."

त्याने तो वाचला होता खरा, पण श्वासासाठी. दुपारपर्यंत तो कागद तळमजल्यावर, चाकाच्या खुर्चीतून दिसेल इतक्या उंचीवर, त्याने स्वतः चिकटवला. एक वाजता लिफ्ट सुरू झाली. घड्याळजी, त्यांची बायको आणि वन्सं तिघेही वर आले. बायकोने रक्त दिले. घड्याळजी शंकासुराकडे पाहून काही म्हणाले.

"काय म्हणाले?"

बायको हसली. "म्हणतायत, घड्याळ बंद पडलं की माणसं काटे बघत बसतात. झाकण कुणी उघडत नाही."

"हे शब्दाला शब्द?"

"थोडं सौम्य केलं."

परतीच्या बसमध्ये त्याने वही आणि तक्ता मांडीवर घेतला. शहाण्णव गुरुवारकरांपैकी पंधरा खरे जोडीदार होते, एक्याऐंशी भावंडे. त्या एक्याऐंशी जणांच्या रुग्णांपैकी चौदा जणांत दोष होता. आईबापांपैकी एकाकडून आलेला दोष भावंडात असण्याची शक्यता निम्मी. चौदाचे निम्मे सात. सापडले होते सात. आकडा इतका तंतोतंत जुळलेला पाहून त्याला ताबडतोब शंका आली. त्याने पुन्हा मोजले, मग वही शेजारच्या प्रवाशाला धरायला देऊन तिसऱ्यांदा मोजले. सातच होते.

अहवालाचे कारण-प्रकरण त्याने घरी बसून तीनदा लिहिले. पहिल्या मसुद्यात दोष लिफ्टचा होता. दुसऱ्यात लिफ्टचा आणि केंद्राचा. तो मसुदा त्याने बायकोला वाचून दाखवला, आणि तिने फक्त विचारले, "सिस्टरांनी पत्र कुणाला लिहिलं होतं म्हणालास?" तिसरा मसुदा सर्वांत लहान झाला.

शुक्रवारी समितीपुढे संचालकबाईंनी तो उभ्यानेच वाचला. एक्याऐंशी नमुने निरोगी गटातून काढले. उरले तीन हजार आठशे एकोणसाठ, आणि त्यांत दोष दोघांत. तीनशे एक्केचाळीस रुग्णांपैकी एकही वगळला नाही. खिशातला कागद बाईंनी मागून घेतला आणि टोपलीत टाकला. कारण-प्रकरण शब्दशः असे नोंदले गेले:

'केंद्राची लिफ्ट दर गुरुवारी सकाळी नऊ ते एक देखभालीसाठी बंद असते. परिपत्रक क्रमांक अकरानुसार निरोगी व्यक्तीचे रक्त तिसऱ्या मजल्यावर घेतले जाते. रुग्णाला जिन्याने नेता येत नाही व एकटे ठेवता येत नाही, म्हणून जोडीदार खाली थांबतो व वयाने जवळचे भावंड वर जाते. भावंडात तोच दोष असण्याची शक्यता निम्मी असते. रक्त देणाऱ्याचे रुग्णाशी नाते विचारणारी चौकट फॉर्मवर नव्हती. केंद्राने याबाबत लेखी विचारणा केली होती. चौकट मी काढली होती.'